मदत हवी आहे: अ‍ॅग्रिकोलात पोट भरलं तर शेत वाढत नाही, शेत वाढवलं तर माणसं उपाशी

नमस्कार मंडळी,

अ‍ॅग्रिकोला हा शेतीचा बोर्ड गेम मनापासून खेळणाऱ्यांचा सल्ला हवाय. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझं नेमकं कुठे चुकतं ते कळणार नाही.

आम्ही कॉलेजपासूनचे चौघं. महिन्यातले दोन रविवार माटुंग्याला मैत्रिणीकडे जमतो. मी मुलुंडहून जाते, एक जण वसईहून येतो. जमिनीवर सतरंजी, मध्ये बोर्ड आणि शेजारी तिच्या आईचा जुना मसाल्याचा डबा. त्याच्या सात वाट्यांत लाकूड, माती, रीड (बोरू), दगड, धान्य, भाजी आणि अन्न, बरोब्बर सात. पंखा एकवरच ठेवायचा, नाहीतर कार्डं उडतात. आधी कटान, मग स्टोन एज, आणि मार्चपासून हा उवे रोझेनबर्गचा 2007 चा खेळ. नऊ डाव झाले, त्यातले सहा मी शेवटची. हरल्याचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाटतं ते हे की मला हा खेळ फार आवडतो आणि तो मला नीट खेळता येत नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाकडे सुरुवातीला दोन खोल्यांचं लाकडी घर आणि दोन माणसं. आपल्या पाळीला एक माणूस बोर्डवरच्या एका जागेवर ठेवायचा आणि तिथलं काम करायचं. ती जागा त्या राउंडपुरती बाकीच्यांना बंद. 14 राउंड असतात आणि 4, 7, 9, 11, 13, 14 नंतर सुगी येते. प्रत्येक सुगीला माणशी 2 अन्न द्यायचं. कमी पडलेल्या प्रत्येक अन्नामागे एक भिकेचं कार्ड, म्हणजे उणे 3 पॉइंट.

आता माझा मागच्या रविवारचा डाव. पहिल्या राउंडला मी रोजंदारीवर माणूस ठेवून 2 अन्न घेतलं. पहिली सुगी चौथ्या राउंडनंतर, 4 अन्न लागणार, ही भीती तेव्हापासूनच डोक्यात. मग मासेमारी, मग परत रोजंदारी. मधल्या वेळात हातातली कार्डं चांगली दिसली म्हणून ऑक्युपेशन (व्यवसायाची कार्डं) खेळत गेले, डावभरात पाच. मूल, म्हणजे कामाला आणखी एक माणूस, हवं तर आधी नवी खोली लागते. खोली बांधायला 5 लाकडं आणि 2 रीड लागतात. लाकडं चौथ्या राउंडलाच जमली होती. रीडच्या जागेवर दर राउंडला एकच रीड पडतं. दोन साठले की मी घेणार म्हणून बसले, तर माझ्या उजवीकडच्याने उचलले. असं दोनदा झालं. खोली झाली आठव्यात, मूल नवव्यात. आणि नवव्यानंतर लगेच सुगी! दोघांचे 4 आणि नवजाताचं 1 असं 5 अन्न हवं होतं. वाटीत 4 होतं. पहिलं भिकेचं कार्ड.

शेवटी माझे 7 पॉइंट, जिंकणाऱ्याचे 34. शेतातले 6 रिकामे चौकोन म्हणून उणे 6, भाजी, डुक्कर आणि गुरं काहीच नाही म्हणून उणे 3, भिकेचे उणे 3. नुसते हे 12 वाचले असते तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

माझे प्रश्न:

चौघांच्या डावात पहिल्या सात राउंडचा क्रम कसा लावता? आधी अन्न की आधी खोली?

मूल लवकर होण्यासाठी एखादं भिकेचं कार्ड जाणूनबुजून घेणं परवडतं का?

आणि हा तिसरा मला जास्त सतावतो. समोरच्याला काय हवंय ते दिसत असताना ती जागा आपण अडवायची का? रीड उचलणाऱ्याला मी त्या दिवशी जरा तोडून बोलले. त्यालाही खोलीच बांधायची होती. घरी येताना लोकलमध्ये मला फार चुटपुट लागली. मैत्री जपून अडवाअडवी कशी करता?

प्रतिसाद १

तुमचा डाव इतका नीट लिहिलाय की उत्तर त्यातच आहे. दोनच माणसं असतील तर 14 राउंडांत 28 कामं. त्यातली पाच तुम्ही ऑक्युपेशनवर घालवलीत. दोन ठेवा, तीही अन्न किंवा लाकूड देणारी. सात कार्डं हातात मिळतात म्हणजे सात खेळायची असं नाही.

मूल होण्याची जागा 5 ते 7 यांपैकी एका राउंडला उघडते. खोली त्याआधी तयार हवी. पाचव्यात मूल झालं तर ते सहाव्यापासून काम करतं, म्हणजे 9 जादा कामं. त्याला पोसायला पाच सुग्यांत 10 अन्न, आणि शेवटी त्याचे 3 पॉइंट वेगळे. तुमचं नवव्यात झालं, त्याची फक्त 5 कामं मिळाली.

अन्नासाठी रोजंदारी सोडा, चूल घ्या. स्वस्त चूल 2 मातीत येते आणि मेंढीचं 2 अन्न करते. मेंढ्यांची जागा पहिल्या चार राउंडांत उघडते आणि तिथे मेंढ्या साठत जातात. तीन मेंढ्या एकदम उचलल्या तर एका माणसाच्या कामात 6 अन्न, रोजंदारीच्या तिप्पट. कुंपण नसलं तरी चालतं: एक मेंढी घरात ठेवा, बाकीच्या लगेच चुलीवर. पण चुलीशिवाय मेंढ्या उचलू नका, त्यांचं अन्न होत नाही.

रीडचं असं: कोणी उचललं की पुढच्या राउंडला तिथे 1 असतं, त्याच्या पुढच्या राउंडला 2. म्हणून मधल्या राउंडला पहिल्या खेळाडूची जागा घ्या. दोन रीड पडतील तेव्हा पहिली चाल तुमची. चौघांत रीड, दगड आणि अन्न एकेक देणारी आणखी एक जागा असते, तीही विसरू नका.

भिकेचं कार्ड मुद्दाम घेऊ नका. एका माणसाचे 3 पॉइंट त्यातच जातात.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला +१. तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत सांगते. आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये यावरून एकदा डाव अर्धवट राहिला होता. तेव्हापासून आम्ही एवढंच पाळतो: स्वतःला उपयोग असेल तर जागा घ्यायची, निव्वळ दुसऱ्याचं बिघडवायला नाही. या खेळात एकाच राउंडला दोघांना एकच जागा हवी असणं हे रोजचंच. तुमच्या मित्राने काही चुकीचं केलं नाही, पण तुमचा त्रागाही मी समजू शकते. त्याला फोन करा, पुढच्या रविवारची वाट बघू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फोन त्याच रात्री केला. तो म्हणाला, "अगं, मला वाटलं तू लाकडांसाठी थांबलीयस." माझ्या अंगणात पाच लाकडं पडलेली त्याने पाहिलीच नव्हती.

काल परत खेळलो. चूल दुसऱ्या राउंडला. तिसऱ्याला पहिल्या खेळाडूची जागा, चौथ्याला रीड. मूल सहाव्यात. सातव्याच्या सुगीला 6 अन्न लागलं, माझ्या वाटीत 7 होतं आणि ते मी दोनदा मोजलं. शेवटी 22 पॉइंट, तिसरा नंबर. भिकेचं कार्ड एकही नाही.

आता अडलंय ते कुंपणाशी. एका चौकोनाला 4 लाकडं, शेजारचे दोन मिळून 6, हे समजलं. पण लाकडं आधी दुसऱ्या खोलीला घालू की कुंपणाला? काल मी खोली निवडली आणि पाच चौकोन रिकामे राहिले. दहाव्या राउंडच्या आसपास तुम्ही काय करता, कोणी सांगेल का?