विषय: शनिवारचा चहा – अंडं न खाणाऱ्यांचं काय करायचं? (उद्या बारापर्यंत)

मेधा, सोमवार, सकाळी ८.४०

मंडळी, हॉटेलला उद्या दुपारी बारापर्यंत पक्का आकडा द्यायचाय. आत्ता १४ आहेत. नऊ जण सगळं खातात, पाच शाकाहारी, आणि त्या पाचांतले तिघं अंडंही खात नाहीत (कुमुदकाकू आणि शिल्पाचे सासू-सासरे). घोडं तिथेच अडलंय. फॉर्मवर चौकोन दोनच: व्हेजिटेरियन आणि व्हीगन. पहिल्यावर खूण केली की एग-अँड-क्रेसचं (अंडं आणि कोवळ्या पाल्याचं) सँडविच आणि अंड्याचे केक येणार. दुसऱ्यावर केली की अंडं जाईल, पण लोणी आणि क्रीमही जाईल. मग स्कोन (तो चहासोबतचा छोटा, पावासारखा केक) खायचा कशाशी?

यातून कोणी वाट काढली असेल तर लिहा. हॉटेलला परस्पर फोन मात्र करू नका. मागच्या वेळी तिघांनी केले आणि आपली तीन बुकिंगं झाली होती.

प्रमोद, सकाळी ९.०५

एवढं काय त्यात? ‘एग ॲलर्जी’ लिहून टाक. आम्ही विमानात, ऑफिसच्या पार्टीत, सगळीकडे हेच करतो.

डिपॉझिट माझ्या कार्डावरून गेलंय. चौघांचे पैसे यायचेत. नावं लिहीत नाही. अजून तरी.

आणि टाय लागणार आहे का?

अनघा, सकाळी ९.५०

प्रमोद, कृपया हे करू नका. डॉक्टर म्हणून सांगतेय आणि पोळलेली सून म्हणूनही.

ॲलर्जी लिहिलं की किचनमध्ये वेगळी भांडी, वेगळा ओटा, सगळी धावपळ सुरू होते. ज्यांना खरोखर ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ती हवीच. आपण खोटं सांगायचं आणि टेबलावर सगळ्यांनी एकाच स्टँडमधून हात मारायचा. पुढच्या वेळी खऱ्या पेशंटवर वेटर विश्वास ठेवेल का?

हा शहाणपणा मी स्वतः केलाय. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना एका मोठ्या हॉटेलात (नाव घेत नाही) घेऊन गेले होते. सगळ्यांपुढे सँडविच-स्कोन-केकचा तीन मजली स्टँड आला आणि त्यांच्यापुढे बशीत कापलेलं खरबूज. ॲलर्जी म्हटल्यावर आम्ही धोका पत्करत नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. माणशी सत्तर पौंडांचं खरबूज. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त घरी येताना बसमध्ये म्हणाल्या, “गोड होतं हो.”

अजून एक. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, कायद्यानुसार ज्या १४ ॲलर्जनची (ॲलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची) माहिती द्यावीच लागते त्यांत अंडं आहे, त्यामुळे कशात अंडं आहे ते विचारलं की सांगतातच. जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात ते) त्या १४ मध्ये नाही. ‘अंडं नको’ एवढंच सांगितलं, तर साध्या मेनूतला जिलेटिन घातलेला मूस तिघांपुढे येऊ शकतो. म्हणून शाकाहारी मेनूच घ्यायचा आणि त्यातलं अंडं काढायला सांगायचं. खोटं बोलायची गरजच नाही.

सुहास, सकाळी १०.२०

चर्चा योग्य आहे, परंतु मूळ आमंत्रणात ‘हाय टी’ असं छापलंय ते आधी दुरुस्त व्हावं. हाय टी म्हणजे दिवसभर राबून घरी आलेल्या कामगाराचं संध्याकाळचं जेवण: जेवणाच्या उंच टेबलावर गरम ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) नाहीतर मांस, बटाटे, ब्रेड आणि सोबत चहा. आपण चाललोय तो आफ्टरनून टी. तो बैठकीच्या खोलीतला, बुटक्या टेबलावरचा. त्याचं श्रेय वूबर्न ॲबी या हवेलीतल्या ॲनाला, म्हणजे बेडफर्डच्या सातव्या डचेसला देतात. रात्रीचं जेवण उशिरा, तोवर पोटात कावळे ओरडायचे, म्हणून १८४० च्या सुमारास ती खोलीवर चहा आणि ब्रेड-लोणी मागवू लागली. पुढे मैत्रिणींना बोलावू लागली आणि त्याची रीत झाली.

आपल्याकडच्या हॉटेलांनी हा घोळ केला. मुंबईच्या ताजमध्ये, सी लाउंजला, ‘हाय टी’ म्हणून भेळही मिळते. मी भेळेच्या विरोधात नाही. नावाच्या विरोधात आहे.

नीलिमा, सकाळी १०.४५

सुहासकाका, आमच्या आजीला चारच्या चहासाठी डचेस लागली नव्हती.

मेधा, खाण्यापिण्याचा विषय आहे तर आमच्या समितीला आधी विचारायचं होतंस. असो. स्कोनमध्ये मुळात अंडं लागतच नाही. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा), ५५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम साखर, १५० मिली दूध आणि चिमूटभर मीठ. गार लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, दूध घालून जेमतेम गोळा करायचा. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर दगड होतो. दोन सेंटिमीटर जाड ठेवून कटरने कापायचा आणि कटर पिळायचा नाही, सरळ खाली दाबून सरळ वर काढायचा. पिळला की स्कोन एका बाजूला कलून फुगतो. दिवाळीच्या स्टॉलवर कोणी पिळले होते ते मला माहितीये.

अंडं येतं ते वरून फासायला, चकाकीसाठी. काही ठिकाणी पिठातही घालतात, म्हणून दोन्ही विचारावं लागतं. फासायला दूधही चालतं. फक्त दोन दिवस आधी सांगावं लागतं, आयत्या वेळी होत नाही.

शिल्पा, दुपारी १२.१०

सगळ्यांचे आभार! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: चहा उकळून मिळेल का? सासऱ्यांना किटलीतला चहा म्हणजे ‘भांडं विसळलेलं पाणी’ वाटतं. त्यांनी काय मागवावं? आणि ते अजून दोन आठवडे आहेत, बुकिंगची कटकट नसलेलं, जरा स्वस्तातलं एखादं ठिकाण सुचवाल का?

विनय, दुपारी १२.३५

नीलिमा, स्कोनचं सगळं लिहिलंस आणि क्रीमवर एक ओळ नाही?

मी ७०च्या दशकात डेव्हनमधल्या एक्सेटरला नोकरीला होतो. पहिल्या रविवारी घरमालकिणीने चहाला बोलावलं. मी स्कोनवर आधी जॅम लावला, वर क्रीमचा गोळा ठेवला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरलो. म्हणाल्या, तू कॉर्नवॉलहून आलायस का? म्हटलं, नाही, मिरजेहून. डेव्हनमध्ये आधी क्रीम, मग जॅम. कॉर्नवॉलमध्ये उलटं. हे तिथे फार मनावर घेतात.

आणि क्लॉटेड क्रीम म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, साय. पसरट भांड्यात मंद आचेवर तापवून सावकाश निववायची, मग वर पिवळसर, जरा खडबडीत थर येतो. कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलच्या, क्लॉटेड क्रीमला १९९८ पासून संरक्षित नाव आहे (दुसरीकडच्या क्रीमला ते लावता येत नाही) आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. लहानपणी आई शिळ्या पोळीवर साय-साखर द्यायची. पहिला घास घेतला आणि मी मालकिणीसमोर गप्पच झालो. तिला वाटलं आवडलं नाही.

प्रमोद, दुपारी १२.५०

विनयकाका, मग शनिवारी आपण आधी काय लावायचं? आणि टायचं कोणीच सांगितलं नाही.

मेधा, दुपारी १.१५

प्रमोद, टाय नको. तो लंडनच्या रिट्झ हॉटेलला लागतो, तिथे पुरुषांना कोट-टाय सक्तीचा आहे आणि जीन्स चालत नाही. आपल्या हॉटेलात फक्त ट्रेनर्स (स्पोर्ट्स शूज) घालून येऊ नका. साडी केव्हाही उत्तम.

शिल्पा, सासऱ्यांसाठी आसाम मागव, पाच मिनिटं किटलीत मुरू दे आणि दूध वेगळं घे. दार्जिलिंग किंवा अर्ल ग्रे अजिबात नको, अर्ल ग्रेला बर्गमॉटचा (एका लिंबासारख्या फळाचा) वास असतो, त्यांना साबण वाटेल. किटली पुन्हा भरून मागायला लाजू नका. बहुतेक ठिकाणी चहा आणि सँडविचही पुन्हा देतात.

अनघा, दुपारी १.४०

शिल्पा, आठवड्यात जायचं तर ट्यूबच्या पिकॅडिली लाइनने ऑस्टर्ली पार्कला ने, जुना वाडा आणि बाग आहे. जुन्या तबेल्यांत कॅफे आहे, ऊन असेल तर बाहेर बसा. स्कोन, क्रीम, जॅम, चहा, झालं. खरं तर ज्यांना सँडविच-केकमध्ये रस नाही त्यांच्यासाठी क्रीम टीच, म्हणजे एवढंच, बरा, पैसेही कितीतरी कमी. क्यू गार्डन्स दाखवायला नेणार असशील तर समोरच्या क्यू रोडवर मेड्स ऑफ ऑनर टार्टचं जुनं दुकान आहे. पण टार्टमध्ये अंडं आहे का ते विचारून घे.

सुहास, दुपारी २.०५

साहेबी थाटच दाखवायचा असेल तर फोर्टनम अँड मेसन. दुकान १७०७ चं. चौथ्या मजल्यावरचं डायमंड ज्युबिली टी सलून २०१२ मध्ये एलिझाबेथ राणीने उघडलं. तिथे नुसतं खालच्या मजल्यावर चहाचे डबे बघत फिरलात तरी दुपार निघून जाते, आणि तेवढं फुकट आहे.

मेधाने आमंत्रण दुरुस्त केल्याचं दिसत नाही.

कुमुद, दुपारी ३.३०

मेधा, माझ्यासाठी एवढं करू नकोस ग. आत्ता कालनिर्णय उघडलं तर शनिवारी संकष्टी. म्हणजे स्कोनसुद्धा चालायचा नाही, मैदा ना तो. मी येईन, चहा घेईन, स्ट्रॉबेऱ्या असतील तर खाईन. पैसे पूर्ण देईन, प्रमोदला सांग.

नीलिमा, दुपारी ३.४०

काकू, पूर्ण पैसे आणि स्ट्रॉबेऱ्या? मी साबुदाण्याची खिचडी आणते डब्यात.

मेधा, दुपारी ३.५५

नीलिमा, हॉटेलात बाहेरचं चालत नाही. प्लीज. मागच्या वर्षीच्या चकल्या आठव.

काकू, नाव काढत नाही. तुमचं ताट लावायला सांगते आणि डब्यात भरून घेते. उरलेलं बांधून मागितलं तर बहुतेक ठिकाणी खोका देतात. क्रीम आणि जॅम वेगळं द्यायला सांगेन, नाहीतर स्कोनचा लगदा होतो.

हॉटेलला आत्ता ईमेल केली. जशी पाठवली तशी: “तिघांसाठी शाकाहारी मेनू. अंडं नको, केकमध्ये, सँडविचमध्ये किंवा स्कोनवर फासलेलंही. जिलेटिन नको. दूध, लोणी, क्रीम चालेल, आणि क्रीम हवंच. ही ॲलर्जी नाही, आहाराची पद्धत आहे.” अनघा, बरोबर आहे ना?

अनघा, दुपारी ४.१०

एकदम बरोबर. ‘क्रीम हवंच’ खाली रेघ मार.

मेधा, संध्याकाळी ५.२५

उत्तर आलं. स्कोनला दूध फासतील, एग-अँड-क्रेसच्या जागी काकडी आणि चीज, केकांऐवजी शॉर्टब्रेड आणि फळं घातलेलं क्रीम. आकडा १४ कायम.

प्रमोद, संध्याकाळी ५.३०

तिघांचे पैसे बाकी. सुहासकाका, एक तुम्ही.

कुमुद, संध्याकाळी ६.०५

मेधा, हल्ली इथे चंद्रोदय व्हायला रात्रीचे साडेअकरा होतात. तो स्कोन तोवर टिकेल ना ग? आणि गरम करायचा तर ओव्हनमध्ये की तव्यावर?

नीलिमा, संध्याकाळी ६.१०

ओव्हनमध्ये, काकू, चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह नको. आधी चंद्राला नैवेद्य दाखवा, क्रीम नंतर लावा.

विनय, संध्याकाळी ६.१५

क्रीम आधी. जॅम नंतर.