विद्यापीठातलं संशोधन आटलं, की बाहेर काढलं?

गणेशखिंडकर:
मुंबई विद्यापीठात एके काळी घुर्ये समाजशास्त्र शिकवत होते. १९३३ मध्ये तिथेच यूडीसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान विभाग, सुरू झाली, शास्त्रज्ञ माशेलकर तिथलेच. आता विद्यापीठाची बातमी येते ती निकाल लांबल्याची. माझं म्हणणं, संशोधन नको असं कुणी ठरवलं नाही. जे बहरलं ते वेगळं झालं, नवं आलं ते बाहेरच उभं राहिलं. विद्यापीठाबाहेरच्या संशोधन संस्था बघा: मुंबईची टीआयएफआर (मूलभूत विज्ञान) १९४५, पुण्याची एनसीएल (रसायनशास्त्र) १९५०, पुण्याचीच आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन) २००६. यूडीसीटीसुद्धा २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली (आता आयसीटी, पण आमच्या तोंडी यूडीसीटीच). मागे उरल्या परीक्षा.

जुना_पदवीधर:
मागे उरल्या? सुरुवातच परीक्षांपासून आहे! १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर विद्यापीठ काढलं ते परीक्षा घ्यायला आणि पदव्या द्यायला. स्वतःचे विभाग आले विसाव्या शतकात. आणि यूडीसीटी आत राहिली असती, तर एका उपकरणासाठी फाइल किती टेबलं फिरली असती, सांगा. सुटली म्हणून टिकली.

आकाशवेडी:
आयुका विसरलात, खगोलशास्त्राचं केंद्र. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ पासून आहे, आणि देशभरच्या विद्यापीठांतल्या लोकांसाठीच काढलेली. दार उघडं आहे हो, जाणारे किती?

तासावाला:
जाणार कोण? मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. पैसे तासाचे, तेही सहा-सहा महिने थकलेले. आमच्या विभागात नऊ मंजूर जागांवर चार कायम प्राध्यापक. पीएचडीचा गाईड व्हायला कायम नोकरी लागते, म्हणजे एक सर निवृत्त झाले की नव्या विद्यार्थ्यांच्या तेवढ्या जागा गेल्याच. यंदा आमच्याकडे एकही नवीन नोंदणी नाही. टीआयएफआर कशाला मध्ये आणता? पदभरती करा.

जुना_पदवीधर:
भरती झाली की संशोधन होतं? २०१० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एपीआय आणला, बढतीसाठी पेपरांचे गुण. लगेच पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. पुणे विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी २०१८ मध्ये तपासलं, तर विद्यापीठांनी यूजीसीच्या यादीसाठी सुचवलेल्यांपैकी तपासलेल्या जर्नलांतली ८८ टक्के निकृष्ट निघाली. कायम प्राध्यापकांचेच पेपर होते ना त्यांत?

तासावाला:
आमचेही होते. मुलाखतीला गुण लागतात.

गणेशखिंडकर:
गाईडचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण तासावाले, नऊच्या नऊ जागा भरल्या तरी मे महिन्यात ते नऊ जण कुठे असतील? कॅप सेंटरवर (उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर), गठ्ठे तपासत.