मदत हवी आहे : शेअरमधून 30 वर्षांच्या सरकारी रोख्यांत पैसे हलवताना

मुक्काम लातूर. एकूण रक्कम 40 लाख. ठरलेलं प्रमाण शेअर 70, रोखे 30. आज 82 आणि 18 झालंय. म्हणजे 4 लाख 80 हजार हलवायचे. हिशोब स्पष्ट आहे, पण बाजार चढताना विकायला हात धजत नाही. घरचे म्हणतात प्लॉट घ्या, नाहीतर सोनं. ते नको आहे.

नवीन एसआयपी गिल्ट फंडाकडे (सरकारी रोख्यांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड) वळवून पाहिली. तेवढ्यानं प्रमाण हलत नाही. विकायची शेअर फंडांची युनिटं वर्षाहून जुनी आहेत, एक्झिट लोड (लवकर विकल्यावर फंड कापतो ती रक्कम) नाही. दर आर्थिक वर्षात दीर्घकालीन नफ्यातले 1.25 लाख करमुक्त राहतात म्हणून निम्मं मार्चमध्ये, निम्मं एप्रिलमध्ये विकायचा विचार आहे.

रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर (सरकारी रोखे थेट घ्यायची-विकायची ऑनलाइन सोय) खातं आहे, लिलावात 10 हजारांपासून बोली लागते हे माहीत आहे. व्याजदर 1 टक्का वाढला तर असा रोखा साधारण 12 टक्के पडतो, तेही मान्य. सहामाही व्याजावर स्लॅबप्रमाणे कर लागेलच. जूनमध्ये पेरणीला 1 लाख लागतात, ते लिक्विड फंडात वेगळे ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही.

खरी अडचण पुढच्या वेळची. बाजार कोसळल्यावर हेच रोखे विकून शेअर घ्यावे लागतील. रिटेल डायरेक्टवर एक-दोन लाखांचा रोखा विकायला काढला तर पडत्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं का, भाव किती सोडावा लागतो? की एवढ्यासाठी गिल्ट फंडच बरा?