मदत हवी आहे: गोचिडातले बॅक्टेरिया नेमके कुठले, आतले की कातडीवरचे?

मंडळी, गुरांवरच्या गोचिडांमधले बॅक्टेरिया बघायचं काम चालू आहे, गोचीड तीच नेहमीची रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. १६एस सिक्वेन्सिंगमध्ये (म्हणजे १६एस या जीनवरून बॅक्टेरिया ओळखायची पद्धत) रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्यांमधे जवळजवळ सगळीकडे कॉक्सिएला या बॅक्टेरियासारखाच एक दिसतोय, बाकी सगळे त्याच्यापुढे किरकोळ. आता हा गोचिडाचा कायमचा भाडेकरू असतो, अंड्यातून पुढच्या पिढीत जातो, आणि रक्तात बी व्हिटॅमिन्स कमी म्हणून ती हाच बनवून देतो एवढं माहितीये, त्यामुळे तो दिसला याचं नवल नाही.

पण खाली थोडे थोडे स्टॅफिलोकोकस, कोरिनेबॅक्टेरियम हे कातडीवर नेहमी सापडणारे बॅक्टेरिया येतात ना, ते गुराच्या कातडीवरून आलेत, डीएनए काढायच्या किटमधून आलेत की खरंच आत राहतात हे कसं ठरवायचं? नुसत्या अल्कोहोलने धुतलं तर वरचा डीएनए पूर्ण जात नाही, म्हणून आधी ब्लीच वापरावं म्हणतात, पण अर्धवट फुगलेली गोचीड नाजूक असते, तोंडाचा भाग तुटलेला असला तर ब्लीच आत जाऊन आतलाच डीएनए खराब करेल अशी धास्ती वाटते. कोणी केलंय का, किती टक्के आणि किती वेळ ठेवता?

दुसरं, आख्खी गोचीड वाटण्यापेक्षा आतडं, लाळग्रंथी आणि अंडाशय वेगळे काढलेले बरे ना? आतड्यात मुळात बॅक्टेरिया कमी, मग ब्लँक कंट्रोलशी (गोचीड न घालता तसाच चालवलेला नमुना) तुलना कशी करता तेही सांगा. आणि हो, हा कॉक्सिएला क्यू फीव्हरवाला (जनावरांकडून माणसाला होणारा आजार) नाही हे १६एसच्या छोट्या तुकड्यावरून खात्रीने कळत नाही, तर त्यासाठी कुठला जीन बघता?