सालिक कायदा: परंपरा की काकाने मारलेला डल्ला?

शंकासुर
फ्रान्सच्या गादीवर बाई कधी बसली नाही, कारण 'सालिक कायदा', म्हणजे फ्रँक टोळ्यांचा जुना कायदा. हे इतकं सर्रास ऐकू येतं, जणू त्यांचा राजा क्लोव्हिसने तो गादीसाठीच लिहून ठेवला होता. माझं म्हणणं सरळ आहे: आधी गादी बळकावली, कायदा मागाहून शोधला.

जून १३१६. दहावा लुई वारला. मागे पहिल्या बायकोची चार वर्षांची मुलगी जान, आणि दुसरी बायको गरोदर. भाऊ फिलिप कारभारी झाला. नोव्हेंबरात मुलगा झाला, तो पाच दिवसांत गेला. उरली जान. फिलिपने काय केलं? जानेवारी १३१७ मध्ये रॅन्सला वेशी बंद करून स्वतःला अभिषेक करवून घेतला. बाईला गादीवर हक्क नाही, हे पॅरिसच्या सभेने ठरवलं फेब्रुवारीत! मुकुट डोक्यावर चढल्यावर. आणि त्यातही सालिक कायद्याचा उल्लेख नाही.

वर कडी म्हणजे अभिषेकाच्या वेळी मुकुटाला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत फिलिपची सासू होती, आर्त्वाची काउंटेस माओ. ही बाई स्वतः भाच्याला डावलून आर्त्वाची मालकीण झालेली. बाईने मुकुट धरलेला चालतो, घातलेला नाही.

पेठेतला पारवा
मांडणी झकास, पण जानच्या आईला सोयीस्कर गाळलंत. बरगंडीची मार्गरीट १३१४ मध्ये व्यभिचाराच्या प्रकरणात सापडली, शातो गायारमध्ये डांबली गेली आणि तिथेच मेली. जान खरंच लुईची का, ही कुजबुज तिथून सुरू. चार वर्षांचं पोर, त्यात हा कलंक. कोण उभं राहणार होतं तिच्यामागे?

शिवाय नियम नव्हता, कारण कधी लागलाच नव्हता. ९८७ मध्ये कापे घराणं गादीवर आलं, तेव्हापासून सव्वातीनशे वर्षं बापामागून मुलगा. सुरुवातीचे कापे राजे तर स्वतः हयात असतानाच मुलाला अभिषेक करून मोकळे व्हायचे. ह्यूग कापेने गादीवर आल्याच्या वर्षीच रोबेरचा उरकला.

शंकासुर
कोण उभं राहणार म्हणे! तिचा मामा, बरगंडीचा ड्यूक, उभा होताच की. त्याला फिलिपने १३१८ मध्ये आपली मुलगी दिली आणि प्रश्न मिटवला. आणि कुजबुजीचंच म्हणाल तर त्याच जानला १३२८ मध्ये पिरेनीज डोंगरापलीकडच्या नाव्हारची राणी कशी केली? तेही लुईचंच राज्य, त्याला आईकडून आलेलं. पिरेनीज ओलांडला की मुलगी औरस होते का?

दर्यासारंग
शंकासुर, तुम्ही १३१६ वरच अडकलात. खरी कसोटी १३२८ ची. फिलिप मुलीच मागे ठेवून १३२२ मध्ये गेला, त्याच्याच नियमाने गादी धाकट्या भावाकडे, चौथ्या शार्लकडे गेली. तोही गेला, आणि त्याच्या विधवेला मुलगीच झाली. आता दावेदार दोन: चुलतभाऊ फिलिप व्हाल्वा, आणि बहिणीचा मुलगा, म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड, वय १५. सरदारांनी एडवर्डला घ्यायला हवं होतं का?

बाईच्या हक्काने काय होतं ते इंग्लंडने भोगलं होतंच. ११३५ मध्ये राजा मेल्यावर त्याच्या मुलीला, माटिल्डाला, सरदारांनी आधी दिलेल्या शपथा तिचा आतेभाऊ स्टीफन आला तशा विरल्या, पुढे १८ वर्षं मारामारी.

शंकासुर
बाईच्या हक्काने नाही, शपथा मोडणाऱ्यांमुळे! आणि एडवर्ड नको होता कारण तो इंग्लंडचा होता, एवढं म्हणा की. सालिक कायदा तेव्हाही कुणाला आठवला नाही. तो सँ-दनीच्या एका भिक्षूने १३५८ च्या सुमारास उकरून काढला. उघडून बघा, डुकरं चोरली तर दंड किती याचीच कलमं ढिगाने. गादीबद्दल अवाक्षर नाही. सालिक जमिनीत बाईला वाटा नाही, एवढी एक ओळ.

माईंची नात
एडवर्डचा दावा तसाही लंगडाच होता. आईकडून हक्क येतो म्हटलं, तर मामांच्या मुली आणि त्यांचे मुलगे त्याच्या आधी येतात. जानचा मुलगा शार्ल १३३२ मध्ये जन्मला आणि हे तो आयुष्यभर विसरला नाही.

पेठेतला पारवा
ओळ एक का असेना, कामाला आली. १५८९ मध्ये राजा तिसऱ्या आंरीचा खून झाला, फिलिप व्हाल्वाचं घराणं संपलं. पुरुषांकडून जवळचा वारस नाव्हारचा आंरी, तोही थेट तेराव्या शतकातल्या संत लुई राजापर्यंत मागे जाऊन जुळणारा, वर प्रोटेस्टंट. स्पेनच्या राजाला आपली मुलगी इझाबेला बसवायची होती. जून १५९३ मध्ये खुद्द पॅरिसच्या पार्लमाँने, म्हणजे आंरीच्या शत्रूंच्या शहरातल्या न्यायसभेने, सालिक कायदा पुढे करून परकी गादी नाकारली. महिन्याभरात आंरी कॅथलिक झाला.

माईंची नात
आणि हा आंरी त्या जानचाच वंशज. नाव्हार त्याला आईकडून मिळालं, फ्रान्स बापाकडून.

मला वेगळंच खटकतं. गादीवर बाई नको, पण राज्य चालवायला चालते? १२२६ मध्ये ब्लांश, पुढे कॅथरीन, १६४३ मध्ये ऍन, सगळ्या लहान राजांच्या आया.

दर्यासारंग
यात विसंगती नाही, हिशोब आहे. कारभारी काका पुतण्याची गादी घेऊ शकतो, आईला ती घेताच येत नाही. म्हणून आई बरी. तेराव्या लुईचा तर ऍनवर तेवढाही भरवसा नव्हता, तिच्या डोक्यावर मंडळ नेमून गेला. तो मेल्यावर चार दिवसांत पार्लमाँने ते मोडीत काढलं आणि सगळी सूत्रं ऍनच्या हाती दिली.