व्हीपीएन कनेक्टेड दाखवतंय, पण काम काहीच होत नाही

रात्रपाळी:
मंडळी जरा मदत हवीये. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आहे, ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावतो, ओटीपी येतो, लॉगिन होतं, हिरवी टिक पण येते आणि तिथून पुढे सगळी बोंब. सर्व्हरला पिंग केलं तर उत्तर येतं, शेअर्ड फोल्डर उघडतो, आतल्या फाईलींची नावंही दिसतात पण कॉपी करायला घेतली की पट्टी शून्यावर बसून राहते ती राहतेच, मग एरर. पोर्टल उघडलं तर वर टॅबवर नाव येतं, खाली पांढरं पान. गंमत म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की हेच सगळं सुतासारखं चालतं! गेल्या आठवड्यात नेट बदललंय, राउटर नवा आहे, पण बाकी व्हिडिओबिडिओ झकास चालतात. व्हीपीएनचा क्लायंट (सॉफ्टवेअर) दोनदा काढून परत टाकून झालाय.

डबलक्लिक:
घरची आणि ऑफिसची आयपी रेंज एकच नाही ना? दोन्हीकडे १९२.१६८.१ वाली असेल तर कॉम्प्युटर सर्व्हरला घरातच शोधत बसतो, पॅकेट (डेटाचा गठ्ठा) टनेलमध्ये, म्हणजे व्हीपीएनच्या वाटेत, शिरतच नाही. माझा एक अख्खा रविवार याच्यात गेलाय. नाहीतर फायरवॉल बंद करून बघ.

रात्रपाळी:
घरी १९२.१६८.० आहे आणि ऑफिसची १० ने सुरू होते, म्हणजे ते नाही.

जुनी_वायर:
रेंज भिडली असती तर पिंगलाच उत्तर आलं नसतं. आणि फायरवॉल बंद करा हा सल्ला द्यायचं बंद करा राव, हॉटस्पॉटवर तीच फायरवॉल चालू असताना चालतंय ना त्याचं.

लक्षण बघा, छोटं जातंय आणि मोठं अडकतंय. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज. साध्या लाईनवर एक पॅकेट १५०० बाइटचं जातं, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणारी) लाईन असेल तर त्यातले ८ जातात, उरले १४९२. व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टन चढवतं, त्याची जागा वेगळी. क्लायंटने हा हिशोब चुकवला की भरलेलं पॅकेट लाईनमध्ये मावत नाही. खरं तर अशा वेळी वाटेतल्या राउटरने "मोठं झालं, लहान करून पाठव" असा निरोप द्यायचा असतो, पण कुठेतरी तो निरोप ब्लॉक केलेला असतो आणि पॅकेट गुपचूप गायब होतं. पिंग डीफॉल्टला ३२ बाइटचा असतो, तो कशाला अडकेल!

आता हे कर. व्हीपीएन चालू ठेव, कमांड प्रॉम्प्टमध्ये ऑफिसच्या सर्व्हरला पिंग कर आणि पुढे डॅश एफ, डॅश एल आणि १४०० असा आकडा जोड. डॅश एफ म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नको. उत्तर नाही आलं तर आकडा उतरवत जा, जिथे यायला लागेल त्यात २८ मिळव (हेडरचे), तो तुझा एमटीयू.

रात्रपाळी:
१४०० ला रिक्वेस्ट टाइम्ड आउट. १३८० ला पण तेच. १३६० ला धडाधड चार उत्तरं!! मग एकेक चढत गेलो, १३७२ पर्यंत येतं आणि १३७३ ला परत मेलं. म्हणजे १४०० धरायचा ना? पण अ‍ॅडॅप्टरला तर १५०० लिहिलंय.

जुनी_वायर:
सापडलं मग. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रॉम्प्ट उघड आणि नेटशेलने (netsh कमांड) व्हीपीएनच्या अ‍ॅडॅप्टरचा एमटीयू १४०० कर. वायफायच्या अ‍ॅडॅप्टरला हात लावू नको.

रात्रपाळी:
केलं. ८० एमबीची फाईल एका दमात गेली, पोर्टल पण उघडलं. पण व्हीपीएन तोडून परत जोडलं की आकडा पुन्हा १५०० होतोय, दर वेळी कमांड मारायची का?

जुनी_वायर:
काही क्लायंट जोडताना स्वतःचा आकडा लिहितात, तुझा त्यातला दिसतोय. ऑफिसच्या आयटीला हे सगळं जसंच्या तसं पाठव, १३७२ जातं आणि १३७३ जात नाही हे पहिल्या ओळीत टाक. "व्हीपीएन चालत नाही" एवढंच लिहिलंस तर ते तुला रीस्टार्ट करायला सांगतील. त्यांना प्रोफाइलमध्ये किंवा सर्व्हरवर एमएसएस (एका पॅकेटमध्ये भरायच्या डेटाची मर्यादा) कमी करता येतो, मग तुझ्यासारख्या सगळ्यांचंच काम होईल.

रात्रपाळी:
पाठवलं दादा. त्यांनी प्रोफाइल बदलून दिली, आता आपोआप १४०० येतंय. फक्त व्हीपीएन लावलं की घरातला प्रिंटर गायब होतो, हे पण त्यातलंच का?

डबलक्लिक:
नाही, ते स्प्लिट टनेलिंग (फक्त ऑफिसचा ट्रॅफिक टनेलमधून, बाकी थेट) बंद असल्याचं. सगळा ट्रॅफिक ऑफिसकडे वळवलाय त्यांनी. नवीन धागा काढ, आणि नाही सांगणार फायरवॉल बंद करायला.