प्रकाशाने पेशी चालवायच्या: खरं काम की नुसता गाजावाजा?

काजवा
अंगात बारीक कण सोडून उजेडाने पेशींवर ताबा मिळवता येतो का, यावरून मित्राशी जोरदार वाजलं म्हणून धागा काढतोय. गोळी घेतली की औषध अंगभर हिंडतं, नको तिथंही जातं. सोन्याच्या नॅनोकणांचं (केसाहून कितीतरी बारीक कण) तसं नाही, लेझर पडेल तिथलेच कण तापणार, लेझर बंद की काम बंद. २०१९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ पेशंटवरच्या ट्रायलचा निकाल आला, सिलिकाच्या (वाळूत असतं ते) नॅनोकणांवर सोन्याचा मुलामा, शिरेतून सोडले, गाठीत साचले, मग इन्फ्रारेड लेझर. वर्षाने बायोप्सी केली तर बहुतेकांच्या त्या जागी कॅन्सर नाही. अजून काय पाहिजे?

शंकासूर
ह्याला ताबा म्हणतात होय? पेशी भाजून मारल्या तुम्ही. आणि लेझर बाहेरून नव्हता मारला, सुई खुपसून फायबर (उजेड नेणारी बारीक तार) थेट प्रोस्टेटमध्ये नेली होती, हे बरं सोयीस्कर विसरलात :) तुलनेला दुसरा गटही नव्हता.

काजवा
बरं, फायबरचं मान्य. पण न मारता चालवल्यात की, २०१८ चा उंदरांवरचा प्रयोग बघा. निळा उजेड मेंदूत खोल पोचत नाही, इन्फ्रारेड पोचतो, म्हणून असे कण घातले जे इन्फ्रारेड घेतात आणि जागेवर निळा देतात, त्याने न्यूरॉन (मेंदूतल्या पेशी) चेतवले, कवटीत फायबर न घालता.

शंकासूर
उंदराची कवटी किती पातळ असते ओ! शिवाय त्या न्यूरॉनना मूळचं उजेडाचं काही पडलेलं नसतं, आधी शेवाळातल्या, उजेड ओळखणाऱ्या प्रोटीनचं जीन व्हायरसने घालावं लागतं. म्हणजे कणही आणि जीनही.

पापणी
दोघंही डोळा विसरताय. तिथं उजेड आपसूक आत जातो, किती खोल पोचतो हे भांडणच नाही. २०२१ मध्ये एका अंध माणसाला असंच जीन आणि खास गॉगल वापरून थोडं दिसायला लागलं, त्यात नॅनोकण नव्हते, पण त्याआधी २०२० ला आंधळ्या उंदरांच्या रेटिनामागे (डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे) पॉलिमरचे (प्लास्टिकच्या जातीचे) नॅनोकण सोडले होते आणि जीनला हात न लावता फरक पडला. मी तरी पैज तिथंच लावीन.

सावलीतली
"लेझर बंद की काम बंद" हे वाचून हसू आलं. माझ्या मावशीला अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी उजेडाने जागं होणारं औषध दिलेलं, अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालेलं. नॅनो वगैरे काही नाही. लेझर संपला तरी औषध कातडीत राहतं, महिनाभर पडदे ओढून, लांब बाह्या घालून बसली होती बिचारी.

काजवा
सोनं तसं नाही हो, सूर्यप्रकाशाने नाही भाजत.

शंकासूर
नाही भाजत, पण यकृत आणि प्लीहेत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतं. ते बाहेर कसं काढायचं ते सांगा, मग बोलू.